आधी माळवद उतरवा, मग नोटीस काढा

पावसाळा तोंडावर आला की धोकादायक इमारतींच्या याद्या निघतात. नोटिशीचा मजकूर ठरलेला: इमारत जुनी, जीर्ण, मोडकळीस आलेली, उतरवून घ्यावी, अन्यथा होणाऱ्या जीवित-वित्तहानीची जबाबदारी मालकाची. महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६४. सोलापुरात चाटी गल्ली, मधला मारुती, टिळक चौक, माणिक चौक, बाळीवेस या पट्ट्यात खाली दुकान आणि वर गोदाम किंवा बिऱ्हाड अशा जुन्या इमारतीत जे बसतात, त्यांना हा कागद नवा नाही. कागद आला की दोन तट पडतात. एक म्हणतो, पाडा, माणसं मरायची वाट बघताय का? दुसरा म्हणतो, वारसा आहे, हात लावू नका. दोघांपैकी कुणीही जिना चढून माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छपरावर, पाय ठेवलेला नसतो.

ही दुकानं केवळ वयानं मोडकळीस येत नाहीत. डोक्यावर साचत गेलेलं वजन, तुळईच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या आडव्या लाकडाच्या, टोकाला लागलेलं पाणी आणि खाली कापलेला खांब या तीन गोष्टी त्यांना खाली आणतात, आणि तिन्ही मागाहून झालेल्या आहेत. वेळेत पाहिल्या तर तिन्ही दुरुस्त होतात. म्हणून ‘पाडा’ हा शब्द कागदावर उमटण्याआधी माळवद उतरवणं आणि तुळयांची टोकं उघडी करून बघणं सक्तीचं झालं पाहिजे, असं आमचं म्हणणं आहे. वारशाबद्दलचं प्रेम त्यामागे नाही असं नाही. पण ते बाजूला ठेवलं तरी हिशेब तोच येतो.

इमारत उभी कशी आहे, ते आधी पाहू.

चाटी म्हणजे कापडवाला. गल्लीच्या नावातच धंदा आहे. १८६० साली रेल्वे सोलापुरात आली, १८७७ साली पहिली कापड गिरणी, म्हणजे आजची ‘जुनी गिरणी’, निघाली आणि पेठेतल्या दुकानदारीला वेगळंच बळ आलं. त्या काळातल्या दुकानांत दोन तऱ्हेचं बांधकाम शेजारी शेजारी नांदताना दिसतं. एकीकडे सागवानी खांब, तुळई, कडीपाट (बारीक लाकडी कड्या आणि त्यांवरच्या फळ्या) आणि माळवद. दुसरीकडे रेल्वेच्या जमान्यातला लोखंडी गर्डर, बिडाचा खांब, शहाबादी फरशी. गवंडी आणि सुतारांनी दोन्ही सहज एकत्र वापरलं आहे.

दुकानाची रुंदी खणांत मोजायची. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच ते सहा फूट. बहुतेक दुकानं दोन-तीन खणांची, म्हणजे तोंड दहा-पंधरा फुटांचं आणि खोली मात्र चाळीस-पन्नास फूट. जोतं काळ्या घडीव दगडाचं, दोन-अडीच फूट उंच. त्याच्या पुढे ओटा, ओट्याखाली गटार. खांब कधीही थेट जमिनीत गाडलेला नसतो. तो दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. तळखडा फरशीच्या वर चार बोटं दिसत असेल तर समजावं की कुणी फार छेडछाड केलेली नाही. फरशीवर फरशी चढवून तो बुडवला असेल तर खांबाचा पाय कुजलेला असण्याची शक्यता धरूनच पुढे जावं.

खांबांच्या मध्ये फळ्या. दर फळीवर आकडा किंवा खूण कोरलेली, कारण प्रत्येक फळी आपल्याच जागी बसते. वरच्या खाचेत आधी सरकवायची, मग खालच्या खाचेत टेकवायची, एकामागून एक, आणि शेवटच्या फळीवर आडवी लोखंडी पट्टी व कुलूप. सकाळी फळ्या काढल्या की दुकानाचं अख्खं तोंड उघडं: उजेड आत, गिऱ्हाईक ओट्यावर. आत गादी, पांढरी चादर, लोड, गल्ला. कापड मांडीसमोर पसरून दाखवायचं असल्यामुळे सगळा व्यवहार बसून. म्हणून तर कडीपाट आठ फुटांवर असला तरी चालतो. आजचा दुकानदार उभं राहून विकतो, त्याला तेच छत अंगावर येतं. ही अडचण खरी आहे आणि तिला ‘वारसा’ हे उत्तर होत नाही. गादीचा चौथरा काढून फरशी खाली घेतली की सात-आठ इंच उंची मिळते, हे उत्तर आहे.

बाजूच्या भिंती दीड ते दोन फूट जाड, दगड आणि चिखलमातीच्या, तोंडाशी चुन्याच्या दरजा. त्यात कोनाडे. जिना अरुंद आणि उभट, बहुधा भिंतीलगत. वरच्या मजल्याला रस्त्याकडे सज्जा; संक्रांतीला सिद्धेश्वर यात्रेतले नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, बघायला हेच सज्जे माणसांनी भरतात आणि तेव्हा मात्र त्यांच्या घोड्यांकडे, म्हणजे सज्ज्याखालच्या लाकडी आधारांकडे, कुणाचं लक्ष जात नाही.

आता माळवद. सगळं दुखणं इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट किंवा काड्यांची किलचण, त्यावर पाला किंवा चटई, त्यावर चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. ही माती भिजली की फुगून स्वतःच भेगा मिटवते, म्हणून ती वर. पाणी जायला पन्हळी. सोलापूरचा पाऊस वर्षाकाठी बेताचाच आणि ऊन मे महिन्यात ४२-४४ अंशांचं, त्यामुळे हे छप्पर इथल्या हवेला अगदी योग्य. मूळ जाडी सहा ते नऊ इंच. दर एक-दोन वर्षांनी मृगाच्या आधी वर ताजी माती पसरायची, ही देखभाल. नियम असा की जुनी निसटलेली माती खरवडून काढायची आणि मग नवी घालायची. खरवडण्याचं काम कष्टाचं. ते सुटलं, घालणं चालू राहिलं. मग कधीतरी माती मिळेनाशी झाली, तेव्हा वर तीन इंच सिमेंटचा कोबा आला.

आकडे मांडून बघा. मातीचा एक इंच थर म्हणजे चौरस मीटरला चाळीस-पंचेचाळीस किलो. दहा फूट लांबीची तुळई, दोन तुळयांत पाच फूट अंतर: एका तुळईच्या वाट्याला पन्नास चौरस फूट छप्पर येतं. सहा इंच मातीचं वजन सव्वा टनाच्या जवळपास. तीच माती पंधरा इंच झाली की तीन टन. ती भिजली की साडेतीन. त्यावर सिमेंटचा तीन इंची कोबा म्हणजे आणखी पाऊण टनाहून जास्त. ज्या तुळईला आजोबांनी सव्वा टन दिला होता तिच्यावर नातवानं चार टन ठेवले आहेत. शिवाय गोदामाच्या मजल्यावर चादरींचे गठ्ठे छातीएवढे रचलेले असतील तर तिथल्या तुळयांवर वेगळे दोन टन.

गंमत अशी की आठ इंच बाय आठ इंचाची निरोगी सागवानी तुळई हेही पेलते. वाकते, मोडत नाही. वर्षानुवर्षं भार राहिला की बाक कायमचा होतो. दोरी ताणून मोजला तर मध्यावर पाऊण-एक इंच भरतो. पाहणीला आलेला माणूस हा बाक बघतो, मोबाईलवर फोटो काढतो आणि ‘तुळया झुकल्या आहेत’ असं लिहितो. खरं तर पोटातला बाक हा त्या तुळईचा सगळ्यांत कमी काळजीचा भाग आहे. ती दगा देते टोकाला, भिंतीत शिरलेल्या नऊ-दहा इंचांत, जे कुणालाच दिसत नाही.

तिथे काय होतं? पन्हळ भिंतीलगत तुटते, किंवा वरच्या कोब्याला भिंतीच्या कडेनं चीर जाते. सिमेंट आणि माती दोन वेगळ्या चालीनं फुगतात-आकसतात, त्यामुळे ही चीर येणारच. पाणी कोब्याखाली शिरतं आणि वर सिमेंट असल्यानं उन्हानं परत उडून जाऊ शकत नाही. ते उतरतं भिंतीत. भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आतून ऑइलपेंट असेल तर तिथेही कोंडतं. तुळईचं टोक या ओल्या खोबणीत बारा महिने बसतं. बुरशी लागते, मागून वाळवी येते. बाहेरून लाकूड रंगवलेलं, टणक, आतून भुसा. मग एका सप्टेंबरात, म्हणजे सोलापूरला पाऊस खरा होतो तेव्हा, टोक चिरडतं आणि अख्खा खण खाली येतो. दुसऱ्या दिवशी सगळे म्हणतात, शंभर वर्षांची इमारत होती, पडायचीच.

भारी माळवदाचा धोका आम्ही कमी लेखत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला जे झालं ते सोलापूरपासून फार लांब नव्हतं. सांधा नसलेल्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर फूट-दोन फूट मातीची छपरं. माणसं त्या वजनाखाली गेली. त्यानंतर जुनी घरं टिकवण्यासाठी जे सल्ले दिले गेले त्यात माळवदाची जाडी कमी करा आणि दुतर्फा भिंत बांधून घेणारे आरपार दगड घाला, हे मुद्दे वरच होते. तीस वर्षं झाली. पेठेतल्या दुकानांवरची माती मात्र उतरण्याऐवजी सिमेंटखाली झाकली गेली.

तपासणीचा प्रकारही विचित्र आहे. तीस वर्षं ओलांडलेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करायची असते आणि त्यानंतर ती सी-१ म्हणजे तात्काळ पाडण्याजोगी, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याजोगी, सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्त करण्याजोगी, की सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची, हे ठरतं. वर्गवारी चांगली आहे. पण तपासणीची हत्यारं आरसीसीची. रिबाउंड हॅमर काँक्रीटचं बळ सांगतो, चिखलात बांधलेल्या दगडाचं नाही. सळ्यांचा गंज मोजायला इथे सळईच नाही. जे तपासायचं ते फार साधं आहे: टोचा, हातोडी, ओळंबा आणि दोरी. तुळईच्या टोकाभोवतीचा फूटभर गिलावा आणि दोन-चार दगड काढायचे. हातानं दाबून टोचा अर्ध्या इंचाहून आत गेला तर लाकूड गेलं. हातोडीला निरोगी सागवान खणखणीत बोलतं, कुजलेलं भद्द. शंका असेल तर सहा मिलिमीटरचं भोक पाडून भुसा बघायचा: कोरडा, तेलकट, तपकिरी असेल तर ठीक, काळा, ओलसर, बुरसट वासाचा असेल तर नाही. ओळंबा सोडून भिंत किती कलली ते मोजायचं. अठरा इंची भिंत तीन इंचांपर्यंत कलली असेल, म्हणजे जाडीच्या सहाव्या हिश्श्यापर्यंत, तर ती अजून आपल्या पायावर आहे. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी मारून तारीख लिहायची आणि पावसाळाभर बघायचं. पट्टी तडकली तर भेग जिवंत, नाही तर ती जुनी आहे. एका इमारतीला दोन माणसं आणि एक दिवस पुरतो. हे न करता दिलेला सी-१ हा अंदाज आहे, निदान नाही.

खालच्या अंगाचं दुखणं थोडक्यात सांगता येईल, पण ते सगळ्यांत जास्त मुद्दाम केलेलं आहे. फळ्या गेल्या, रोलिंग शटर आलं. शटरला मधला खांब अडतो. मग तो कापायचा. सहा-सहा फुटांचे दोन खण मोडून बारा फुटांचा एक झाला. लांबी दुप्पट झाली की दर फुटाला तेवढ्याच भारानं तुळईतला वाकवणारा जोर चौपट होतो आणि बाक सोळापट. त्यात जुन्या बांधणीत दोन तुळयांचा सांधा नेमका खांबाच्या डोक्यावर असतो. खांब कापला की सांधा हवेत. मग घाईनं एक लोखंडी गर्डर खाली सरकवला जातो, त्याची टोकं चिखलमातीच्या भिंतीत, खाली दगडी पाट न देता. वर शंभर किलोचं शटर रोज दोनदा आपटतं. असे गर्डर गल्लीत कितीतरी दिसतील, खोट्या छताच्या आड. खोटं छत हा आणखी एक उपद्व्याप: कडीपाट झाकला जातो आणि ओलीचा डाग पहिल्या वर्षी दिसायचा तो पाचव्या वर्षी पाटासकट खाली येतो.

आता पाडल्यानं काय होतं, तेही बघू. या इमारती रांगेत उभ्या आहेत आणि भिंती सामाईक आहेत. तुमच्या तुळया आणि शेजाऱ्याच्या तुळया एकाच भिंतीत दोन बाजूंनी शिरलेल्या. मधली एक उतरवली की त्या भिंतीला एका बाजूचा आधार उरत नाही. पुढे नव्या आरसीसीच्या पायासाठी काळी माती ओलांडून मुरुमापर्यंत सहा-आठ फूट खणायचं. शेजाऱ्याचा पाया तीन-चार फुटांवर असेल तर तो खड्ड्याच्या काठावर लटकतो. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं की काळी माती फुगते. सहा महिन्यांत शेजारच्या दुकानाला भेगा, वर्षभरात त्यालाही नोटीस. एक दात काढला की शेजारचे हलतात, तसं. आणि मिळतं काय? अकरा फुटांच्या तोंडात दोन्ही बाजूंना नऊ इंची कॉलम, जिना, रस्ता रुंदीत गेलेली पुढची पट्टी वजा केली तर दुकान पहिल्यापेक्षा अरुंद. वरचे मजले मिळतात हे खरं, पण पेठेत दुसऱ्या मजल्यावर कापड घ्यायला किती गिऱ्हाईक चढतं, ते व्यापाऱ्यांनाच विचारावं.

आक्षेप आहेत आणि ते टाळण्यासारखे नाहीत. पहिला आगीचा. कापड, लाकूड आणि कडीपाटावर खिळ्यांनी ठोकलेली जुनी वायर, हे मिश्रण वाईटच. पण आग लावते ती वायर. जाड सागवान बाहेरून कोळशाचा थर धरत सावकाश जळतं, अर्ध्या तासात दोन-एक सेंटिमीटर; उघडा लोखंडी गर्डर साडेपाचशे अंशांच्या आसपास आपलं बरंचसं बळ सोडून देतो. म्हणून पहिलं काम वायरिंगचं: सगळी वायर पाइपातून, मीटर जिन्याखालून बाहेर, गळती झाली की वीज तोडणारा स्विच. दुसरा आक्षेप पार्किंगचा. तो बरोबर आहे, पण दुकान पाडून पार्किंग मिळत नाही. दोन गाड्यांपुरतीही जागा या भूखंडांत नसते. तिसरा, नव्या गिऱ्हाइकाला काचेचं तोंड लागतं. लागू द्या. काच खांबांच्या मागे फूटभर आत बसवता येते, खांब न कापता.

खरी गाठ पैशात आहे, आणि ती भाडेकायद्यात बसलेली आहे. या दुकानांत बसणारा पुष्कळदा भाडेकरू असतो, पिढीजात, आणि भाडं जुन्या दराचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार इमारत नीट राखण्याची जबाबदारी मालकाची. त्यानं केली नाही तर भाडेकरूनं किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, स्वतः दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. मात्र एका वर्षात वळता करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापलीकडे जाता कामा नये. महिना पाचशे रुपये भाडं धरा. वर्षाचे सहा हजार, चौथा हिस्सा दीड हजार. बारा फुटांच्या आठ-आठ इंची एका तुळईला सव्वापाच घनफूट सागवान लागतं. जुन्या लाकडाचा भाव कोणताही धरा, दीड हजारांच्या हप्त्यांत एका तुळईची फेड व्हायला वर्षानुवर्षं लागतील. मालकाच्या बाजूनं बघितलं तर तोही वेडा नाही: भाडं वर्षाला चार टक्क्यांनी वाढवता येतं, म्हणजे पाचशेचे पाचशे वीस. त्या वीस रुपयांसाठी तो माळवद उतरवणार नाही. इमारत पडली तर जागा मोकळी होते, हा विचार त्याच्या मनात आला तर दोष कुणाला द्यायचा? भाडेकरूला दुरुस्ती परवडत नाही, मालकाला ती नकोच आहे, आणि पाडण्याची नोटीस या दोघांच्या भांडणात नकळत एका बाजूचं हत्यार बनते.

म्हणून कायद्यात एक बदल हवा. तुळई, खांब, भिंत आणि छप्पर यांच्या दुरुस्तीपुरती चौथ्या हिश्श्याची मर्यादा काढून टाकावी आणि भाडेकरूनं घातलेला पैसा, महापालिकेनं मान्य केलेल्या अंदाजपत्रकाप्रमाणे, अनामत म्हणून नोंदवावा. जागा सोडताना किंवा पुनर्बांधणी होताना तो मालकानं परत करावा. मालकाच्या खिशातून आज काही जात नाही, भाडेकरूचा पैसा बुडत नाही.

टीडीआरवर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकण्याच्या सवलतीवर, आमचा फारसा भरवसा नाही. एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत वारसा इमारतींसाठी हस्तांतरणीय विकास हक्काची तरतूद आहे, श्रेणी आहेत. कागदावर छान. पण टीडीआरला गिऱ्हाईक लागतं, आणि ते जिथे जमिनीचा भाव आभाळाला भिडलेला असतो तिथे मिळतं. सहाशे चौरस फुटांच्या दुकानमालकानं तो विकायला किती उंबरे झिजवायचे? त्यापेक्षा दुरुस्ती पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्यावर पाच वर्षं मालमत्ता करात सूट, हे त्याला समजेल आणि हातात पडेल. शिवाय वारसा म्हटलं की आपल्याकडे इंद्रभुवन, भुईकोट किल्ला, लक्ष्मी मंडई एवढीच नावं येतात. एकेकट्या दुकानाला वरची श्रेणी मिळणार नाही, मिळूही नये. पण अख्खी रांग तिसऱ्या श्रेणीत एकत्र घेतली तर आतून हवं ते बदलण्याची मोकळीक राहते आणि सामाईक भिंतीचा विचार आपोआप होतो.

दुरुस्तीचा क्रम सांगतो, कारण चुकीच्या क्रमानंही इमारती पडतात. सगळ्यांत आधी टेकू, आणि तेही जमिनीपासून वरपर्यंत एकाखाली एक. वरच्या मजल्यावर टेकू दिला आणि खालच्या मजल्यावर दिला नाही, तर वरचा सगळा भार खालच्या तुळईच्या पोटावर येतो. ही चूक वारंवार होते. टेकू पाचरीनं नुसता लागता करायचा. वाकलेली तुळई एका दमात सरळ करायला गेलं की भिंतीचा माथा उचलला जातो. उचलायचीच असेल तर जॅकवर दिवसाला दोन मिलिमीटर, आणि कुठे गिलावा तडकला की थांबायचं. बहुतेक वेळा बाक तसाच ठेवणं शहाणपणाचं.

मग माती. ती दोन्ही भिंतींकडून आळीपाळीनं, थराथरानं उतरवायची. एका अंगाची पूर्ण काढून दुसऱ्या अंगाची ठेवली तर कलतं वजन येतं. आणि एक लक्षात ठेवायचं की चिखलातली भिंत काही प्रमाणात वरच्या वजनानंच दबून एकसंध राहिलेली असते. छप्पर उतरलं की माथ्याचे दगड सुटे होतात. त्यामुळे त्याच दिवसांत माथ्याचे दोन थर चुन्यात पुन्हा बसवायचे, मध्ये आरपार दगड घालायचे. मलबा रोजच्या रोज खाली. तो वरच्या मजल्यावर ढीग करून ठेवला की आपण तुळईवर पुन्हा तेच टन ठेवले.

तुळईचं टोक अर्ध्याहून कमी कुजलं असेल तर कुजलेला भाग तासून दोन्ही बाजूंना पोलादी चॅनेल, १६ मिलिमीटरच्या बोल्टांनी, निरोगी लाकडात किमान तीन फूट आतपर्यंत. अर्ध्याहून जास्त गेलं असेल तर टोक कापून तिरप्या सांध्यानं जुनंच सागवान जोडायचं. नवं कच्चं लाकूड सोलापूरच्या उन्हात पिळतं. टोकाखाली दगडी पाट, आणि तिन्ही बाजूंनी एक इंच मोकळी हवा. ती फट सिमेंटनं भरायचा मोह गवंड्याला होतोच. समोर उभं राहून अडवावा लागतो.

वर परत माती घालायची नाही. पाटांवर जाड प्लास्टिकचा कागद आणि त्यावर विटांच्या तुकड्यांचा चुन्यातला कोबा, चार इंच, पन्नास फुटांना एक फूट उतार. शंभर घमेली तुकड्यांना पस्तीस-चाळीस घमेली मसाला. मसाला एक भाग चुना, दोन भाग सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. चुना कळीचा, म्हणजे खड्यांचा, निदान पंधरा दिवस पाण्यात विरवलेला. पिशवीतली पांढरी भुकटी सफेदीपुरती ठीक, कोब्याला नाही. मग आठवडाभर लाकडी थापीनं, गूळ आणि बेलफळाचं पाणी शिंपत, थापी उसळायला लागेपर्यंत ठोकायचं, आणि दहा दिवस ओलं ठेवायचं. या कोब्याचं वजन एका तुळईवर पाऊण-एक टन भरतं, मूळ मातीपेक्षाही कमी. थंडावा मात्र मातीइतका राहत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. वरून दर उन्हाळ्याला चुन्याची सफेदी आणि खाली कडीपाटाच्या वर बोटभर हवेची पोकळी ठेवली तर फरक बराच भरून निघतो. भिंतींचा सिमेंट गिलावा काढून चुन्याचा करणं हे शेवटचं. भिंत आधी एक उन्हाळा वाळू द्यावी, नाहीतर लोणा, म्हणजे भिंतीतला क्षार, नव्या गिलाव्यावरही फुलतो.

आणि हे सगळं मे महिन्यात होत नाही. मेमध्ये चुना ओला राहत नाही, जूनमध्ये छप्पर उघडता येत नाही. नोटीस मात्र नेमकी तेव्हाच येते, जेव्हा मालकाला पाडण्यापलीकडे काही करता येणं शक्यच नसतं. पाहणी ऑक्टोबरात करावी. सप्टेंबरचा पाऊस नुकता संपलेला असतो आणि ओलीचे डाग भिंतीवर ताजे असतात, कुठली पन्हळ गेली ते न विचारता दिसतं. दिवाळीची विक्री उरकली की नोव्हेंबरात टोकं उघडून वर्गवारी, डिसेंबरात टेकू आणि तुळया, जानेवारी-फेब्रुवारीत कोबा, लगीनसराईच्या आधी दुकान मोकळं. फक्त गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत नंदीध्वजांच्या वाटेवर परांची उभी राहणार नाही आणि दुरुस्तीतल्या सज्ज्यांवर माणसं चढणार नाहीत, एवढं कंत्राटात आधीच लिहून घ्यावं लागेल.